बैल, बारी आणि कायदा

१८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडूचा जल्लिकट्टू, कर्नाटकातील कंबळा आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत या तिन्हींना परवानगी देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले. त्या दिवशी खेड, जुन्नर, आंबेगावपासून माणदेशापर्यंत गावोगाव गुलाल उधळला गेला. प्राणिमित्रांच्या गोटात तेवढीच निराशा पसरली. एका बाजूने म्हटले, संस्कृती जिंकली. दुसऱ्या बाजूने म्हटले, करुणा हरली.

निकाल नीट वाचला तर या दोन्ही घोषणा घाईच्या वाटतात. एखादी प्रथा लोकांच्या संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे धार्मिक, सामाजिक आणि सांस्कृतिक अंगांनी खोलवर तपासावे लागते. ते काम न्यायपालिकेचे नाही, विधिमंडळाने ते केले असेल तर आम्ही ते मान्य करतो, असा न्यायालयाचा रोख आहे. म्हणजे प्रश्न सुटलेला नाही, तो आपल्या दारात आणून ठेवला गेला आहे. ही प्रथा खरोखर किती जुनी? ती एकच आहे की अनेक? आणि ज्याच्या नावाने हे सगळे चालते त्या बैलाची बाजू आजवर कोणी, कशी मांडली? या तीन प्रश्नांचा मागोवा येथे घ्यायचा आहे.

जुने पुरावे काय सांगतात

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२वे सूक्त मुद्गल आणि त्याची पत्नी मुद्गलानी यांचे आहे. रथाला एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला लाकडाचा ओंडका जुंपलेला, सारथ्य करणारी स्त्री, आणि तरीही विजय, असे विलक्षण चित्र त्यात येते. हे वर्णन शर्यतीचे की लढाईचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण बैलाच्या वेगाचे कौतुक त्यात आहे, याबद्दल वाद नाही.

त्याहून स्पष्ट पुरावा परक्याच्या लेखणीतून आला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात रोममध्ये राहून ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या ईलियनने प्राण्यांच्या स्वभावावर मोठा ग्रंथ लिहिला. भारताविषयीची माहिती त्याने जुन्या ग्रीक लेखकांकडून घेतली. तो सांगतो की भारतीयांना धावणाऱ्या बैलांचे मोठे वेड आहे. स्वतः राजा आणि सरदार त्यांच्यावर सोन्या-चांदीची पैज लावतात. रथाला घोडे आणि बैल मिसळून जुंपतात. ३० स्टेडिया म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर अंतर ते धावतात. आणि घोडा वेगवान की बैल हे सांगता येऊ नये इतकी त्यांची बरोबरी असते. पश्चिम महाराष्ट्राच्या काही भागांत एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला बैल जुंपून गाडी पळवायची रीत अलीकडेपर्यंत होती. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलांच्या पुढे आजही घोडी धावते. ईलियनच्या ओळींपासून खेडच्या घाटापर्यंत सरळ रेघ ओढणे धाडसाचे ठरेल; पण बैल पळवण्याची हौस या भूमीवर दोन हजार वर्षांपूर्वीही होती आणि तिच्याबरोबर पैजही होती, एवढे म्हणता येते.

शर्यतींचे समर्थक येथे थांबतात. तिसरा पुरावा मात्र त्यांच्या भाषणांत क्वचितच येतो. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील पहिल्या शिलालेखात प्राण्याचा बळी देऊ नये आणि 'समाज' भरवू नये अशी आज्ञा आहे, कारण राजाला समाजात पुष्कळ दोष दिसतात. समाज म्हणजे नाच-गाणे, कुस्त्या, प्राण्यांच्या झुंजी यांचे मेळे असावेत, असे अभ्यासक मानतात. पण त्याच लेखात लगेच पुढे असेही येते की काही समाज राजाला चांगले वाटतात. आणि पाचव्या स्तंभलेखात अशोक ठरावीक तिथींना बैल खच्ची करू नयेत, ठरावीक दिवशी घोड्या-बैलांना डाग देऊ नयेत, असे सांगतो. खच्ची करणे कायमचे बंद करा असे तो म्हणत नाही. शेतीला बैल लागतो हे त्याला ठाऊक आहे. तो दिवस वगळतो, मर्यादा घालतो.

म्हणजे शर्यत जशी जुनी, तशीच तिच्याविषयीची अस्वस्थताही जुनीच आहे. प्राण्यांविषयीची कणव हे इंग्रजी शाळेत शिकलेल्या शहरी माणसाचे खूळ आहे, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

एक नाव, अनेक शर्यती

कायद्याच्या भाषेत 'बैलगाडा शर्यत' हा एकच शब्द आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रात निदान चार वेगळ्या रीती आहेत आणि त्या प्रत्येकीत बैलावर पडणारा ताण वेगळा आहे.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात शर्यत 'घाटा'त होते. घाट म्हणजे चढाची, दोन्ही अंगांनी उंच बांध असलेली धावपट्टी. गाड्याला दोन बैल, त्यांच्यापुढे आणखी एक जोडी आणि सर्वांच्या पुढे घोडीवर स्वार. गाडा हलका असतो, त्यावर हाकणारा बसत नाही. एका वेळी एकच गाडा सुटतो. त्या धावेला 'बारी' म्हणतात. मुकाबला दुसऱ्या गाड्याशी नसतो, घड्याळाशी असतो. सेकंद आणि सेकंदाचे शतांश मोजून क्रमांक लागतात. निमगाव दावडीच्या खंडोबासारख्या देवस्थानांच्या यात्रेत बारी ही नवसाशी जोडलेली असते. गाडा मालकाला बक्षिसाइतकेच देवापुढे बैल पळाल्याचे समाधान असते.

सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागांत सपाट माळावर छकडा पळतो. दोन बैल आणि छकड्यावर चालक. एका वेळी अनेक गाड्या आपापल्या चाकोरीतून सुटतात. आधी गट, मग उपांत्य, मग अंतिम फेरी. बैलांचे वर्ग दातांवरून पडतात: आदत, दुसा, चौसा. येथे शेजारची गाडी पुढे जाताना दिसत असते, चालकाच्या हातात काही ना काही असते, आणि जनावराला टोचण्याचा मोह सर्वांत जास्त असतो तो इथेच.

विदर्भात हीच हौस 'शंकरपट' या नावाने ओळखली जाते. सुगी आटोपल्यावर पट भरतो. हाकणाऱ्याला 'धुरकरी' म्हणतात आणि चांगल्या धुरकऱ्याचे नाव जोडीइतकेच घेतले जाते. रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग-मुरूडच्या बाजूला, ओहोटीनंतर घट्ट झालेल्या पुळणीवर गाड्या पळतात. शिवाय दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात गवळी मंडळी सजवलेल्या म्हशी पळवतात, तो प्रकार निराळाच.

गोव्यातील 'धिरयो' ही बैलांची झुंज तर शर्यतच नव्हे. १९९६ साली एका प्रेक्षकाचा त्यात जीव गेला आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिच्यावर बंदी घातली. प्राणी झुंजवणे हा १९६०च्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. धिरयो, जल्लिकट्टू आणि खेडची बारी यांना एकाच पिशवीत घालण्याची चूक दोन्ही बाजूंनी केली. विरोधकांनी एकाचे क्रौर्य दुसऱ्याच्या माथी मारले आणि समर्थकांनी एकाचे पावित्र्य दुसऱ्याला उसने दिले.

खिल्लार आणि माळ

पश्चिम महाराष्ट्रात शर्यतीचा बैल म्हणजे खिल्लार. पांढरा किंवा कोसा रंग, लांब मागे वळलेली शिंगे, आवळ अंग, घट्ट खूर आणि तापट स्वभाव. माणदेशासारख्या कमी पावसाच्या मुलखात ही जात घडली. जुन्या औंध संस्थानातील आटपाडी महाल आणि शेजारचे म्हसवड ही तिची ठाणी. म्हणून आटपाडी महाल, म्हसवड असे तिचे पोटप्रकारच पडले. खरसुंडीच्या जत्रेतला खिल्लार बाजार आजही नावाजलेला आहे.

या मुलखात गाय दुधासाठी नव्हे, खोंडासाठी पाळत. खिल्लार गाय दूध बेताचेच देते, पण तिचा खोंड बाजारात वर्षाची नड भागवत असे. तो खोंड चपळ आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायचे कसे? पळवून. शर्यतीचे एक मूळ येथे आहे. ती जनावराची जाहिरात होती आणि पैदाशीची परीक्षाही होती. पेरणीपूर्वीच्या रिकाम्या दिवसांत यात्रा, यात्रेत शर्यत, शर्यतीशेजारी जनावरांचा बाजार, अशी ती साखळी होती. पळणारा बैल दुसऱ्या दिवशी मोटेला किंवा नांगराला जुंपला जाई. त्याला जायबंदी करणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणणे. क्रौर्याला आळा घालणारी ही सर्वांत बळकट गोष्ट होती, आणि ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती.

ही साखळी तुटली ती ट्रॅक्टर आणि विजेच्या पंपामुळे. देशाच्या पशुगणनेत २०१२ साली नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता. २०१९ साली तो ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत जवळपास तीस टक्के घट. त्याच काळात गायींची संख्या मात्र अठरा टक्क्यांनी वाढली. दुधाला भाव आहे, ओढण्याच्या ताकदीला नाही. आज शर्यतीचा बैल बहुतेक वेळा फक्त शर्यतीचाच असतो. त्याला दूध, अंडी, पेंड असा खुराक मिळतो, त्याची मालिश होते, त्याची किंमत लाखांत जाते. आणि तो हरायला लागला की त्याला दुसरे कामच उरत नाही. परंपरा चालू आहे असे आपण म्हणतो, पण तिच्या मुळाशी असलेले शेतीचे नाते सुटलेले आहे. या बदलाची दखल न घेता केलेले समर्थन अर्धवट राहते.

करुणेचा कायदा कसा घडला

मुंबईत पांजरपोळ १८३४ साली सुरू झाला. दोन वर्षांपूर्वी भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून शहरात दंगल झाली होती, तिची ही पार्श्वभूमी. जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद हे पारशी व जैन धनिक त्यामागे होते. १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था मुंबईत उभी राहिली आणि पुढे परळला बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ निघाले. विलायतेत १८२२ साली गुराढोरांना निर्दयपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला होता. तिकडचा कायदा आणि इकडची जीवदया यांचा मेळ मुंबईसारख्या शहरांत बसला.

१८९० सालच्या अखिल भारतीय कायद्याचा मूळ भर रस्त्यावर किंवा लोकांना दिसेल अशा जागी केलेल्या क्रौर्यावर होता. ट्रामचे घोडे आणि भारवाही गाड्यांचे बैल हा त्याचा विषय. जनावराच्या वेदनेपेक्षा ती पाहणाऱ्याला होणारा त्रास त्या कायद्याला अधिक कळत होता, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

स्वातंत्र्यानंतर या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी राज्यसभेत खासगी विधेयक मांडले ते रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या, कलाक्षेत्र उभे करणाऱ्या या बाई. पंडित नेहरूंनी विधेयकामागची भावना मान्य करून ते मागे घ्यायला सुचवले, सरकारने समिती नेमली आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष. परंपरा जपणारी आणि प्राण्यांसाठी झटणारी व्यक्ती एकच होती, हे आजच्या भांडणात विसरले जाते.

हा कायदा दिसतो त्याहून तडजोडीचा आहे. मारणे, लाथाडणे, ताकदीबाहेर पळवणे हे त्याच्या ११व्या कलमाने गुन्हे ठरवले. पण वेसण घालणे, खच्ची करणे, डाग देणे यांना विहित पद्धतीने सूट दिली आणि धर्मविधीतील बळीला २८व्या कलमाने वगळले. शिक्षा तर अशी: पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. १९६० साली पन्नास रुपयांना काही वजन होते. आज तेवढ्यात बैलाची पेंडही येत नाही, आणि आकडा तोच आहे.

१९६५च्या नियमांनी ओझ्याच्या जनावरांसाठी मर्यादा घातल्या. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, पारा ३७ अंशांवर जातो त्या भागात दुपारी बारा ते तीन जुंपणे नको. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहून हे नियम आठवून पाहावेत. मानेवर जू घासून झालेल्या आव्यासह दीड-दोन टनांचा भार चढावर ओढणाऱ्या बैलासाठी आजवर कोणी घटनापीठापर्यंत गेलेले नाही. त्या बैलामागे ऊसतोड कुटुंबाचे पोट आहे, म्हणून त्याच्याविषयी बोलणे अवघड जाते, हे खरे. पण करुणेने सोपे लक्ष्य निवडले, हा शेतकऱ्याचा आरोप येथे खोटा ठरत नाही.

बारा वर्षांचा खटला

११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. या यादीतील प्राण्यांना खेळासाठी शिकवणे वा त्यांचे प्रदर्शन करणे मना आहे. महाराष्ट्र सरकारने त्याच ऑगस्टमध्ये शर्यतींना मनाई केली आणि मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. ७ मे २०१४ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि पिनाकी चंद्र घोष यांनी जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींनाही बंदी केली.

तो निकाल दोन खांबांवर उभा होता. एक, प्राण्याला भूक, भय, वेदना यांपासून मुक्त राहण्याचा आणि स्वभावानुसार जगण्याचा हक्क आहे. ब्रिटनमध्ये शेतीतील जनावरांसाठी मांडल्या गेलेल्या 'पाच स्वातंत्र्यां'ना न्यायालयाने आपल्या कायद्यात वाचले. दुसरा, बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीसाठी नाही. तो धावतो तो भीतीने. मंडळाने न्यायालयापुढे ठेवलेल्या अहवालांत खिळे लावलेल्या काठ्या, चाबूक, विजेचे झटके, पिरगाळलेल्या शेपट्या यांची वर्णने होती. ती खोटी होती असे गाडा मालकांतलाही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही.

पुढचा प्रवास वेगाने झाला. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने अटींसह शर्यतींना मोकळीक दिली. पाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांचा जनसागर लोटला आणि तामिळनाडूने कायदा बदलला. प्राण्यांवरील क्रौर्य हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला तसे करता येते. महाराष्ट्राने एप्रिल २०१७ मध्ये तीच वाट धरली, जुलैमध्ये संमती मिळाली. पण मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. राज्याने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेचा अभ्यास करून घेतला आणि प्रकरण पुन्हा दिल्लीला गेले. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी अंतरिम परवानगी मिळाली आणि २०२३ साली तीवर शिक्कामोर्तब झाले.

या निकालाने प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत हे मान्य केले नाही, पण त्यांच्या वेदनेला डोळ्याआडही केले नाही. नव्या कायद्याने आणि नियमांनी क्रौर्य बऱ्याच अंशी कमी होते, म्हणून कायदा टिकतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. आणि नियमांचे काटेकोर पालन करवून घेण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. याचा अर्थ सरळ आहे. नियम पाळले गेले नाहीत तर ज्या पायावर परवानगी उभी आहे तोच ढासळतो.

दोन्ही पारडी

गाडा मालकांचा सर्वांत टोकदार प्रश्न घोड्यांचा आहे. महालक्ष्मीला आणि पुण्याला घोडे पळतात, त्यांच्यावर कोट्यवधींचा जुगार चालतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. मग आमचाच बैल का डोळ्यांवर येतो? 'घोड्याची शरीररचना वेगळी' हे उत्तर पुरेसे नाही. घोड्याचा पायही मोडतो, त्यालाही चाबूक लागतो. या प्रश्नात वर्गभेदाची जी बोच आहे, ती प्राणिमित्रांनी कधी मनावर घेतली नाही. पण दुसरीकडे अन्याय होतो म्हणून इकडचा न्याय ठरत नाही, हेही तितकेच खरे.

शर्यतीमुळे देशी जात वाचते, हा दुसरा दावा. यात तथ्य आहे, पण मर्यादित. शर्यत आहे म्हणून खिल्लार खोंडाला भाव आहे आणि काही घरांत गाय टिकली आहे. मात्र नर गोवंशाची घसरण साऱ्या देशात झाली, शर्यतीची रीत नसलेल्या राज्यांतही झाली. तिचे खापर बंदीवर फोडता येत नाही. शिवाय शर्यतीला वेगवान बैल हवा, ओढणारा नको. केवळ वेगासाठी पैदास होऊ लागली तर जात टिकेल, पण ती शेतकऱ्याची राहील का, हा वेगळा प्रश्न आहे.

'बंदी आली तर बैल कसायाकडे जातात' हा तिसरा दावा. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही पूर्ण बंदी आहे. त्याआधी १९७६च्या कायद्यानुसार निकामी ठरवलेला बैल दाखला घेऊन कापता येत असे. २०१५ ते २०२१ या काळात शेतकऱ्याला बैल पळवता येत नव्हता आणि कत्तलीसाठी विकताही येत नव्हता. दोन्ही कायदे बैलाच्या नावाने झाले. म्हातारा बैल सांभाळायचा खर्च मात्र दोन्हींनी त्याच्याच माथी ठेवला. त्याचा हिशेब विधिमंडळातही झाला नाही आणि न्यायालयातही नाही.

प्राणिमित्रांच्या बाजूने 'बैल धावणारा प्राणीच नाही' हा युक्तिवाद दुबळा होता. सकाळी सोडलेला खोंड माळावर शेपूट उभारून धावतो, हे गावात वाढलेल्या कुणालाही माहीत आहे. बैल धावतो. खरा मुद्दा, त्याला धावायला कोण आणि कशाने लावतो, हा होता. त्या मुद्द्यावर त्यांची बाजू भक्कम होती आणि आहे. पराणीच्या टोकाला खिळा नसता, बॅटरीचा झटका नसता, शेपटीला दात लावले गेले नसते, तर २०१४चा निकाल इतका कठोर लागता ना. शर्यत बंद पाडली ती शहरातल्या अर्जदारांनी एकट्यांनी नव्हे; माळावरच्या मूठभर चालकांनीही तिला हातभार लावला.

आता पुढे

महाराष्ट्राच्या २०१७च्या नियमांत धाव १००० मीटरपेक्षा जास्त नको, आयोजकाने ५० हजार रुपये अनामत ठेवावी, पशुवैद्यकाचा दाखला असावा, काठी, चाबूक, विजेचे यंत्र वापरू नये, अशा तरतुदी आहेत. कायद्याचा भंग झाला तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ कायद्यातील पन्नास रुपयांपुढे हे मोठेच पाऊल आहे. पण बक्षिसेही बदलली. कधीकाळी नारळ आणि फेट्याचा मान होता. बंदी उठल्यावर चारचाकी, ट्रॅक्टर, इतकेच काय जेसीबी यंत्रही मैदानात बक्षीस म्हणून उभे राहिले. आयोजकांत राजकीय पुढाऱ्यांची नावे वाढली. जेवढे बक्षीस मोठे, तेवढा बैलावरचा दाब मोठा, आणि ५० हजारांची अनामत त्यापुढे किरकोळ.

यावर उपाय अवघड नाहीत. सरकारी योजनेत जनावरांच्या कानाला बारा अंकी बिल्ला लागतो. प्रत्येक बारीला आणि प्रत्येक फेरीला तो क्रमांक नोंदवला, तर एकच बैल दिवसात किती वेळा आणि महिन्यात किती मैदानांत पळाला, हे कळेल. जायबंदी बैलांची नोंद प्रत्येक यात्रा कमिटीने जाहीर करावी. बक्षिसाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा पळणे थांबलेल्या बैलांच्या चाऱ्यासाठी बाजूला काढावा. ज्या घाटात सेकंदाचा शंभरावा भाग चोख मोजला जातो आणि वर्षानुवर्षे लक्षात ठेवला जातो, तेथे जखमा मोजता येत नाहीत, असे म्हणणे पटण्यासारखे नाही.

प्राणिमित्रांनीही आता न्यायालयाच्या पायरीऐवजी यात्रेच्या मैदानात यावे. नियमांची प्रत हातात घेऊन मैदानावर उभा राहणारा एक पशुवैद्यक दहा याचिकांहून जास्त काम करील. आणि त्यांनी उसाच्या रस्त्यावरही यावे, म्हणजे गावाला त्यांची कणव पटेल.

बंदीच्या काळात गाडा मालक म्हणत, आम्ही बैलावर पोरासारखी माया करतो. ते बहुतेकांच्या बाबतीत खरे होते. मग त्या मायेची परीक्षा बैल पहिला येतो त्या दिवशी होत नाही. दातांची झीज झाली, बारी हुकू लागली, मैदानाचे बोलावणे बंद झाले, त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत तो कोणाच्या दावणीला उभा असतो, हे पाहावे लागेल. संस्कृती कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाने विधिमंडळाकडे सोपवला आहे. ती दावण भरलेली ठेवण्याचे काम कोणी कोणाकडे सोपवलेले नाही. ते गावाचेच आहे.